भिंतीकडे तोंड करा

प्रिंटर जोडायचा, एवढंच काम होतं. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. लोकांच्या फोटोंना फ्रेम करण्यात बाबांची हयात गेली, पण स्वतःच्या लेकीचा फोटो छापायला त्यांचा हात धजत नव्हता. ठमी तापानं गेली तेव्हापासून भिंत रिकामीच होती. आज मात्र मन घट्ट करून ते बसले होते.

त्यांनी 'सेटअप'वर क्लिक केलं. पडदा काळवंडला आणि चौकट उघडली. 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? ॲडमिन: ठमी. पासवर्ड टाका.'

मशीनची मालकीण अजून ठमीच होती. हे ते साफ विसरले होते.

"हे सारखं काय विचारतं गं?" ते एकदा ठमीवर वैतागले होते.

"फोटो बघताना विचारतं का? मशीनच्या मुळाशी हात घालायचा असला की प्रोग्राम तसं आधीच सांगतो. नाही सांगितलं तरी नावात 'सेटअप' दिसलं की मशीन सावध होतं, मालकाला विचारतं."

"आणि मालक मी नाही?"

"तुम्ही दिसेल त्याला 'हो' म्हणता, बाबा! चला, भिंतीकडे तोंड करा."

मग ती पासवर्ड टाकायची. तो तिनं कधी सांगितलाच नाही.

सवयीनं तोंडून हाक गेली, "ठमे, ये गं..." आणि सवयीनंच ते भिंतीकडे वळले. रिकामी भिंत बघून त्यांना रडू आवरेना.

मागे बटणं वाजली. टक... टक टक. तिच्या साबणाचा वास आला.

"ठमे...?"

ते वळले. कोणी नव्हतं. प्रिंटर जोडला गेला होता. पडद्यावर त्यांच्या नावाखाली 'ॲडमिन' लिहिलं होतं, ठमीच्या नावाखाली 'साधी वापरकर्ती'.

पोरीनं घराच्या किल्ल्याच बापाच्या हाती दिल्या होत्या. आता तिला हाक मारायला कारणच उरलं नव्हतं. ते त्यांना सोसवेना. त्यांनी सगळं उलटं केलं. ती ॲडमिन, आपण साधे. पुन्हा 'सेटअप' उघडलं, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"ठमे, ये गं..."

टक... टक...

आई चहा घेऊन आली आणि दारातच थिजली. कपबशी किणकिणली.

"अहो... वळू नका."

"का?"

"पोर रडतेय..."

बऱ्याच वेळानं बाबा वळले. पडद्यावर 'परवानगी नाकारली' एवढंच होतं. कीबोर्ड ओला होता.