अंतिमबोधक

चक्रात उंदीर पळत होता. डॉ. त्रिविक्रम शेजवलकर ज्या नजरेने त्याच्याकडे पाहत होते, त्याच नजरेने ते बहुतेक माणसांकडेही पाहत. श्रमविज्ञान संस्थेतले सहकारी त्यांना बुद्धिमान म्हणत. पण बुद्धिमान कोण हे ठरवणारे हे टिकोजीराव कोण, असा शेजवलकरांचा रोकडा सवाल असे.

"थकवा पायांत नसतो," ते डॉ. नीलांबरी खोतना सांगत होते. नीलांबरी त्यांचीच विद्यार्थिनी. आता त्याच प्रयोगशाळेत संशोधक, आणि माणसांवरच्या चाचणीला लेखी हरकत घेणारी एकटीच. "थकवा म्हणजे मेंदूची चिक्कूगिरी. किती अंतर उरलंय याचा तो अंदाज घेतो आणि तेवढ्यापुरती ताकद दाबून ठेवतो. शेवटची कमान दिसली की अर्धमेली माणसंही सुसाट सुटतात, ती त्या दाबून ठेवलेल्या ताकदीवर. माझा अंतिमबोधक कानामागे बसतो आणि पहिल्या पावलापासून मेंदूला सांगत राहतो, 'आलंच, आता आलंच.' मेंदू मूठ सैल सोडतो."

"आणि मूठ रिकामी झाली की?"

"तोवर अंतर संपलेलं असतं. वेगच तसा बेतलेला असतो."

"पहिले उंदीर मरेपर्यंत पळाले, सर."

"म्हणून तर शेवटी 'पोहोचलो' हा संदेश घातला. ठरवून दिलेलं अंतर झालं की तो आपोआप सुटतो. मग उंदराच्या शेपटीला आग लावा, पाऊल टाकणार नाही. बघा."

उंदीर थांबला. चक्रातून उतरून पुढच्या पायांनी तोंड पुसत समाधानाने बसला. हातभर अंतरावर शेंगदाणा ठेवला होता. त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आणि शेवटच चुकीच्या जागी असला तर?"

"अंतर ठरलेलं असतं हो! शेवट कसा चुकेल?"

"आपल्याकडे?" नीलांबरी म्हणाली.

शेजवलकर नाकातून हसले. बाईंची काळजीही कशी पंचायतीच्या पातळीवरची! दरवर्षी या बाई शिरसवडी नावाच्या आडगावच्या अर्धमॅरेथॉनमध्ये पाठीला निशाण बांधून धावत. दोन तासांत शर्यत पुरी करू पाहणाऱ्यांनी त्यांच्या मागे राहायचं आणि त्यांनी वेग धरून द्यायचा. शेजवलकर त्याला मेंढ्या हाकणं म्हणत.

"असं करू," ते म्हणाले. "मी पन्नाशीला आलेला, गुडघे दुखणारा माणूस. अंतिमबोधक लावून तुमच्या निशाणाआधी पोहोचलो, तर हरकत मागे घ्यायची."

"आणि मागे राहिलात तर?"

"तर अंतिमबोधक कायमचा कपाटात."

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या यंत्राला दिली होती. पण हरण्याची शक्यता गृहीत धरावी इतकी शिरसवडी त्यांना मोठी वाटत नव्हती.

रविवारी पहाटे ते तिथे उतरले आणि त्यांची खात्रीच पटली. पोटं सुटलेले लोक चापूनचोपून बसलेल्या बनियनींत एकमेकांचे फोटो काढत होते. नऊवारीतल्या चार बायका कंबरेला पदर खोचून उड्या मारत होत्या. नगरपालिकेचा जलवाहक ड्रोन पाणी द्यायच्या ऐवजी पाहुण्यांच्या गाडीवर शिंतोडे उडवत होता. मग शर्यत सुरू होण्याऐवजी भाषणं सुरू झाली. धावपटू मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब नलगे यांनी माइक असा धरला, की आता तो त्यांच्या हातातून विळा लावूनच काढावा लागणार. शेजवलकरांनी खिशातून कापसाचे बोळे काढले आणि कानांत कोंबले. बिनडोक बडबडीवर त्यांचा हा जुना उपाय होता. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी पत्रकातल्या मार्गाचं घंटाघराच्या चौकापर्यंतचं अंतर उपग्रहावरून तपासलं, अंतिमबोधकात नेमकं अर्धमॅरेथॉनचं अंतर भरलं आणि भाषणं संपल्यावर बोळे काढून बंदुकीच्या बारासाठी तयार झाले.

यंत्राने काम चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. गुडघे दुखले नाहीत, दम लागला नाही. 'आलंच, आता आलंच' अशा गोड भ्रमात शेजवलकर ऊसतोडीच्या रस्त्याने, पुलावरून, साखर कारखान्याला वळसा घालून सुटले. मागे नीलांबरी आपल्या कळपाला सांगत होती, "ताई, बोलता येतंय ना? मग वेग बरोबर आहे." गप्पा मारत धावणारी ही जमात! कोपऱ्यावर केळी सोलून देणाऱ्यांचा हात त्यांनी झटकून टाकला. निशाण बघता बघता दिसेनासं झालं.

गावात शिरल्यावर घंटाघराचा चौक आला. शर्यत इथेच संपायची होती. चौक मोकळा होता. कमान दिसत होती, पण पार पुढे, शाळेपाशी. गाढवांना अंतरसुद्धा मोजता येत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी कानामागे संदेश सुटला.

असं सुख त्यांना जन्मात लाभलं नव्हतं. पोहोचलो! पाय थांबले. एका दुकानाच्या ओट्यावर ते अलगद बसले. पुढे जायला हवं हे बुद्धीला लख्ख कळत होतं. अडचण एवढीच, की जावंसं वाटत नव्हतं. त्यांनी यंत्र उपटून फेकलं. पण संदेश मेंदूत कधीच पोहोचला होता, आणि मूठही पार रिकामी झाली होती.

माणसं जाऊ लागली. पोटं सुटलेले गेले. नऊवारीतल्या चौघी गेल्या. मग निशाण आलं.

"सर, उठा! कमान समोर आहे!" नीलांबरी ओरडली.

"कशाला? पोहोचलोय मी," शेजवलकर म्हणाले, आणि आपल्याच प्रसन्न आवाजाने त्यांच्या अंगावर काटा आला.

तिने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मागच्यांचा वेग तिच्यावर अवलंबून होता, म्हणून ती थांबली नाही.

बापूसाहेब धावत आले. "काय झालं साहेब? सकाळी तीनदा सांगितलं की माइकवर! चौकात पाहुण्यांना ऊन लागतं, म्हणून स्टेज शाळेच्या झाडाखाली घेतलं. मग कमान पण नेली तीनशे मीटर पुढं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही नव्हता का?"

शेजवलकरांनी सवयीने त्यांचा तिरस्कार करून पाहिला. जमेना. उमेदीची वर्षं समोरच्या रस्त्यावरून निघून चालली होती आणि त्यांना वाईटसुद्धा वाटत नव्हतं. ते दोन्ही हातांनी तोंड पुसत बसून राहिले.

"भोवळ आली असेल. खा काहीतरी," म्हणत बापूसाहेबांनी सोललेलं केळं कागदावर त्यांच्याजवळ ठेवलं आणि ते हारतुऱ्यांकडे पळाले. केळं हातभर अंतरावर होतं. शेजवलकरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.