न वसलेल्या शहराला ना हरकत

सोमवारी सकाळी अकरा वाजता तपासनीसबाई डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून एक अख्खं शहर तपासायला पोचल्या, आणि ते शहर तीन टेबलांवर मावलेलं निघालं.

चूक त्यांची नव्हती. मुळात कामच त्यांचं नव्हतं. ज्याचं होतं त्या सहकाऱ्याची ऐन वेळी दाढ सुजली. प्रदर्शनाच्या परवानगीसाठी आलेल्या अर्जात लिहिलं होतं, 'मनोरे एकतीस, कारखाने चार, उघडमीट करणारे पूल दोन, सर्व विजेवर.' कार्यालयातल्या कारकुनाने एकतीस मनोरे वाचले आणि इमारतींचा फॉर्म जोडून दिला. कारकून अनुभवी होता. अनुभवी माणसं अर्ज शेवटपर्यंत वाचत नाहीत.

"हेल्मेट काढलंत तरी चालेल," टेबलाखालून आवाज आला. "सगळ्यात उंच मनोरा तुमच्या खांद्यापर्यंत येईल."

त्यांनी हेल्मेट काढलं. टेबलाखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. हातात चिमटा, कानावर पेन्सिल, केसांत तारेचे तुकडे. हा कारागीर. रेडिओचे सुटे भाग, सायकलच्या साखळ्या आणि पितळी नळ्या जोडून त्याने चार वर्षांत हे शहर उभं केलं होतं. कुठल्या काळातलं, ते त्यालाही सांगता येत नसे. पुढच्या, एवढंच.

त्याने बटण दाबलं. पूल हळूच उचलले गेले. क्रेनांनी माना वळवल्या. धुराड्यांतून धुराऐवजी निळा उजेड वर चढू लागला आणि थेंब थेंब खाली उतरू लागला... तपासनीसबाईंनी घाईने फॉर्मकडे पाहिलं. उजेडासाठी रकाना नव्हता.

"ही वायर उघडी आहे," त्या म्हणाल्या.

"झाकतो."

"या मोटारीला फ्यूज नाही."

"बसवतो."

"आणि जिने?"

"कसले जिने?"

"मनोऱ्यांचे. फॉर्मवर आहे."

"मॅडम, हे मनोरे काल्पनिक आहेत."

"मग आग लागल्यावर काल्पनिक माणसांनी उतरायचं कुठून?"

कोणीही शहाणा माणूस इथे हसला असता. कारागिराने कानावरची पेन्सिल काढली आणि 'जिने' असं लिहून घेतलं. घोटाळ्याला सुरुवात झाली ती इथून.

मंगळवारी वायरी झाकलेल्या होत्या, फ्यूज बसलेले होते. बाईंनी प्रत्येक मोटार चालवून पाहिली आणि साडेचार वाजता 'विजेची तपासणी पूर्ण' अशी खूण केली. मग त्यांना दिसलं, सात मनोऱ्यांना पत्र्याचे जिने लागले होते. एकेक पायरी नखाएवढी.

"उरलेले चोवीस उद्या," कारागीर म्हणाला. "बघायला याल ना? म्हणजे... तपासायला?"

"नियमाप्रमाणे यावंच लागेल," बाई म्हणाल्या. असा नियम नव्हता. आपण हे का बोललो, याचा त्यांना घरी पोचेपर्यंत उलगडा झाला नाही. घरी पोचल्यावरही झाला नाही, आणि आमटीत मीठ दोनदा पडलं.

बुधवारी त्या दुपारची जेवणाची सुट्टी धरून गेल्या. दोन कारखान्यांच्या मध्ये दोरी बांधलेली होती आणि दोरीवर तांदळाएवढे कपडे वाळत होते.

"हे फॉर्मवर नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. पण माणसं म्हटली की कपडे आलेच." तो जरा अडखळला. "चार वर्षं मी नुसती यंत्रं करत होतो हो. माणसं तुम्ही आणलीत."

बाईंच्या हातून पेन पडलं. पेन एकदाच पडलं; दोघं मात्र ते उचलायला दोनदा वाकले.

गुरुवारी दारातच कारागिराची थोरली बहीण उभी होती. सभागृह मिळवण्यापासून पत्रं लिहिण्यापर्यंत सगळा व्याप तिचा.

"बाई, उद्या उद्घाटन आहे," ताई म्हणाली. "हुकलं तर हे सभागृह पुढे चौदा महिने मिळत नाही. आज सही करताय, की शहरात शाळा काढायला लावताय?"

बाई फॉर्म घेऊन बसल्या. सही केली की इथे यायचं कारण संपलं. नाही केली, तर याची चार वर्षं पाण्यात. त्या भराभर रकाने भरत गेल्या आणि शेवटच्यावर अडल्या. आजवर शेकडो फॉर्मांवर त्यांनी तिथे न वाचताच 'नाही' लिहिलं होतं. आज वाचलं.

"काय झालं?" कारागिराने विचारलं.

त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. 'तपासनीस व अर्जदार यांच्यात नातं, मैत्री वा जिव्हाळा आहे काय? असल्यास केव्हापासून? तपासणी त्यानंतरची असल्यास रद्द.'

कारागिराचे कान लाल झाले. "मग... काय लिहिताय?"

"मला काय विचारता? उत्तर दोघांचं आहे. आहे का?"

"आहे," कारागीर म्हणाला.

"खिळ्या!" ताई भावाच्या घरच्या नावाने ओरडली. "अरे, चार वर्षं!"

"विचारलंय तर सांगायला नको, ताई?"

"परवा सांग! प्रदर्शन संपल्यावर सांग! सरकारी कागदावर कशाला?"

"केव्हापासून?" बाईंनी खाली मान घालून विचारलं.

"सोमवारपासून. तुम्ही हेल्मेट काढलंत ना, तेव्हा—"

ताई मटकन खुर्चीत बसली. सोमवार म्हणजे सगळी तपासणी रद्द.

बाईंनी बोटांवर वार मोजले. मग पुन्हा मोजले. "ते तुमचं झालं," त्या अखेर म्हणाल्या. "एकट्याचं धरत नाहीत. दोघांचं बुधवारपासून. दुपारी. पेन उचलायला दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा." त्यांनी 'आहे, बुधवारपासून' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, सही केली, शिक्का मारला. "विजेची तपासणी मंगळवारीच झाली आहे."

ताईने कागद हिसकावला आणि वार बदलायच्या आत बाहेर धूम ठोकली.

कारागिराचं तोंड मात्र उतरलं होतं. "म्हणजे सोमवार-मंगळवार मी एकटाच?"

"एकटेच."

"आणि तुम्ही?"

"मी गोंधळलेली होते. गोंधळ धरत नाहीत."

निळा उजेड दोघांच्या हातांवर ठिबकत होता. एक पूल उगाचच वर गेला, खाली आला.

"तुम्ही दोन दिवस मागे आहात," तो रुसल्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे," तपासनीसबाईंनी खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली. "म्हणून तर दुपारपासून रजा टाकून आलेय."