बारावी जोडी

जुन्या जालन्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डॉक्टर असते, तर प्रियदर्शनीचं काम दहा मिनिटांत झालं असतं. पण डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी होते आणि त्यांच्या जागी टेक्निशियन राजानंद बसला होता... हातात लाल पेन, चेहऱ्यावर बिलकुल घाई नाही.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, फॉर्मवर शिक्का नाही. दुसऱ्या दिवशी, गाइडची सही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फॉर्म पुन्हा तिच्याकडं सरकवला.

"तारीख चुकलीय, मॅडम."

"सगळं एकदाच सांगता येत न्हाई का तुम्हाला? मी रोज बदनापूरहून गाडी धरून येऊन राह्यले."

"रोज येता ते दिसतंय की," तो म्हणाला आणि पटकन पेनाशी खेळायला लागला.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरतो कसा, यावर ती पीएच.डी. करत होती. तिला एकाच पेशंटच्या दोन गाठींचे तुकडे हवे होते, आतड्यातल्या आणि लिव्हरमधल्या. अशा अकरा जोड्या जमल्या होत्या. बारावी याच लॅबच्या कपाटात होती, आणि नमुने जमवायची मुदत संपायला सहा दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी त्याचा चेहरा खरोखरच पडला. "हे मात्र अवघड आहे. इथं पेशंटच्या संमतीला मुलाची सही आहे. बाई चांगल्या हिंडत्या-फिरत्या आहेत, सही त्यांचीच पाहिजे. मंठ्याला राहतात... रविवारी मी मोटरसायकलवर नेतो तुम्हाला."

नाही म्हणायला तिच्याकडं वेळच नव्हता.

रस्त्यात चहाला थांबल्यावर त्यानं विचारलं, "दोन्ही तुकडे एकाच बाईचे कशाला?"

"जनुकं दोन्हीकडं जवळपास तीच असतात. पण गाठ पसरते तेव्हा काही गप्प बसतात, काही जोरात कामाला लागतात. शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळत न्हाई."

"म्हणजे माणूस लांब गेला की बदलतो, तसंच..."

"कॅन्सरवरून लाइन मारायची न्हाई."

त्याला चहाचा ठसका लागला. तिनं हसू दाबलं, आणि दाबावं लागलं म्हणून पुन्हा चिडली.

मंठ्यात वच्छलाबाईंच्या मुलानं, तातेरावानं, त्यांना दारातच अडवलं. "आईला नुसती गाठ होती म्हणून सांगितलंय. जास्ती बोलू नका. सही घ्या अन् निघा."

एका मिनिटाचं काम होतं. प्रियदर्शनीनं हातातल्या फॉर्मकडं पाहिलं, मग त्याची घडी घातली. "न सांगता घेतलेली सही मला नको, दादा."

"येऊ दे त्यांना, तातेराव." वच्छलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "रिपोर्ट मी नातीकडून कव्हाच वाचून घेतलाय. तू रडशील म्हून गप होते."

तातेराव उंबऱ्यावरच बसला. प्रियदर्शनीनं गाठींचे तुकडे कशाला हवेत ते सांगितलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून वच्छलाबाईंनी विचारलं, "पोरी, याचा मला काही फायदा?"

"न्हाई, मावशी. तुम्हाला न्हाई. पुढं कुणाला तरी होईल... कदाचित."

"हो म्हणली असतीस तर हाकलून दिलं असतं," म्हणत त्यांनी फॉर्म घेतला आणि एकेक अक्षर जपून सही केली.

परतीच्या वाटेवर राजानंदनं गाडी बाजूला घेतली.

"एक सांगायचंय... त्या तिन्ही चुका मला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या."

"काय?"

"एकदाच सांगितल्या असत्या तर तुम्ही एकदाच आल्या असत्या. पण मघाशी तुम्ही फॉर्मची घडी घातली ना, तव्हा लई लाज वाटली. माफ करा."

"माझे तीन दिवस गेले. तीन. तुम्ही सरळ विचारलं असतं तर..." ती थांबली.

"तर?"

या आठवड्यात रोज सकाळी ती भांडणाची तयारी करून निघायची आणि शनिवारी, लॅब बंद असताना, दिवस उगाच लांबला होता. हे आठवून तिला स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला.

"तर मी हो म्हणाले असते," ती वैतागून म्हणाली. "आता आठ दिवस थांबा. आधी माझं काम होऊ दे."

"अन् मंग?"

"मंग विचारा. पण सगळं एकदाच."

त्यानं गाडीला किक मारली. मागं बसताना तिनं, अजून रागातच, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.