परत आणलेली नावं

ज्या साली आमच्या राहीला पहिलं मूल झालं, त्या सालची ही गोष्ट. १९८८. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, रत्नागिरी. पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण यात पदरचं मी काही घातलेलं नाही.

राहीची थोरली बहीण प्रेमला. माझी पुतणी. रक्तदात्यांच्या एका मंडळात कामाला होती. तिथे एक कॉम्प्युटर होता. त्यात दोन याद्या. एकीत दात्याचा नंबर, नाव आणि रक्तगट. दुसरीत नंबर आणि गाव. रक्तगट विचारला की मशीन नंबरावरून दोन्ही याद्या जुळवी आणि कोण, कुठे राहतो ते दाखवी.

एखादा दाता वारला की प्रेमला त्याचं नाव काढी. पण ते खरं पुसलं जात नसे. मशीन त्यावर नुसती खूण करी. नाव दिसेनासं होई, आतच राही. कायमचं पुसायची आज्ञा वेगळी होती...

ती प्रेमलाने कधीच दिली नव्हती. "माणूस गेलाच आहे, नाव राहिलं आत तर कुणाचं काय जातंय?" असं म्हणायची.

त्या दुपारी टेबलावर एक पत्र होतं. लांज्याकडचा काशीराम, नंबर दोनशे सात, मंगळवारी वारला. प्रेमला त्याचं नाव काढायला बसली. अर्धी आज्ञा टाइप झाली, तोच शिपाई केरू धावत आला.

"ताय, इस्पितळातनं निरोप आलाय. राहीताय बाळंत झाली, पण रक्त थांबत नाय. पाचच्या आत बाटली हवी. ओ निगेटिव्ह."

प्रेमलाने घाईत बटण दाबलं.

नंबर घालायचा राहिला होता.

मशीनने एकाचं नव्हे, सगळ्यांचं नाव काढलं.

तिने यादी मागितली... पडदा कोरा.

दात्यांची जुनी वही कधीच वाळवीने खाल्ली होती. राहीला रक्त कोण देईल, हे सांगणारं दुसरं काही नव्हतं. तिने मुंबईला सहदेवला तातडीचा कॉल लावला. मशीन त्यानेच बसवलं होतं.

"सहदेवदादा, सगळी नावं गेली."

"काय गं, दुकान बंद करायला काढलंस की काय?" मग तिचं रडणं त्याच्या कानावर गेलं. "रड मागाहून. कायमचं पुसलं नाहीस ना?"

"नाही."

"मग सगळं परत आणायची आज्ञा दे. पण ऐक. मशीनला आजचं आणि मागचं कळत नाही. आजवर ज्यांच्यावर खूण केलीस, ते सगळेच परत येतील."

"मेलेले?"

"त्यांची नावं गं."

"येऊ देत," प्रेमला म्हणाली. "कुणीही येऊ दे. माझ्या बहिणीला रक्त मिळू दे."

तिने आज्ञा दिली.

चारशे बारा नावं गेली होती. परत आली... चारशे तीस.

तिने ओ निगेटिव्ह विचारलं. तीनच माणसं. एक मुंबईला गेलेला. एक अंजनवेलचा, पाचच्या आत पोचणं शक्य नव्हतं.

तिसरा... काशीराम. दोनशे सात.

तरीही केरूला अंजनवेलला फोन लावायला बसवून ती इस्पितळाकडे पळाली. काशीरामसाठी निरोप धाडणार कुणाला?

ती पोचली तेव्हा साडेचार वाजले होते.

राहीच्या उशाशी बाटली टांगलेली होती. थेंब थेंब रक्त उतरत होतं.

"तुमची माणसं भारी वक्तशीर हो," मैना सिस्टर म्हणाली. "आम्ही फोन फिरवतोय तोवर हजर. 'बोलावलंत म्हणून आलंव,' म्हणाला. रक्त जुळवून पाहिलं, जुळलं."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. नंबर तेवढा सांगितला..."

सिस्टरने वहीत पाहिलं.

"दोनशे सात. पण काय हो हात त्याचा, बर्फासारखा. शीर सापडेना मला."

प्रेमलाचं तोंड उघडलं. सांगावं? सांगितलं तर बाटली काढतील. काढली तर राही जाईल.

थेंब पडत होते. राहीच्या ओठांवर रंग येत होता.

प्रेमलाने राहीचं पांघरूण सारखं केलं.

"आणि बाकीच्यांना आता घरी धाडा," सिस्टर म्हणाली. "मघापासून बसलेत. विचारलं तर म्हणतात, आमचीपण नावं लागलीत. सतरा-अठरा असतील."

प्रेमला बाहेर गेली.

व्हरांड्यात नातेवाइकांची गर्दी होती. बायका पोरांना कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या.

बाकं रिकामी होती... पण त्यांवर कुणीच बसत नव्हतं.

राही वाचली. तिचा मुलगाही वाचला.

सोमवारी प्रेमलाने एकेक नंबर तपासून अठरा नावांवर पुन्हा खुणा केल्या. दोनशे सातवर आली आणि तिचा हात चालेना. हे नाव काढलं आणि तिकडे राहीला काही झालं तर?

ते नाव तसंच राहिलं. पुढे मशीन मोडीत गेलं. यादीची फ्लॉपी तिने घरी आणली, कापडात गुंडाळून ठेवली. पुढे कितीतरी वर्षं तिने त्या फ्लॉपीला कुणाला हात लावू दिला नाही.

शेवटच्या दुखण्यात तिने ती माझ्या हाती दिली.

"काका, राही आहे तोवर ही पुसली जाऊ देऊ नका."

अशा फ्लॉपीला बुरशी धरते, असं जाणकार सांगतात. तिच्यावरचं वाचणारं मशीनही आता कुठे मिळत नाही. आत काय उरलंय, मला कळायचा मार्ग नाही. राहीला यातलं काही माहीत नाही. तिला साधा ताप आला तरी मी कपाट उघडून ती फ्लॉपी बघतो.

प्रेमला ३ फेब्रुवारी २०११ रोजी, गुरुवारी सकाळी, रत्नागिरीत वारली.