रुखईला दाखवलेला धूर

साप चावला तेव्हा धुडकू झाडावर होता, आणि चूक त्याचीच होती.

लिंबायतच्या कामगारवस्तीत त्याच्या खोलीच्या पत्र्यावर लिंबाची फांदी घासायची. दिवसभर करकर. खोलीतला जोडीदार, रातपाळीवाला वाल्मिक दिवसा झोपायचा, त्याचा डोळा लागेना. धुडकूचं डोकं लवकर फिरायचं. चढला कोयता घेऊन. फांदी म्हणून जे धरलं त्यानंच अंगठ्याला चावा घेतला.

चाबकाच्या वादीएवढा बारीक साप. पाठ तांबूस, सालीच्या रंगाची. चिडला तशी मान फुगली, खवल्यांमधून निळं चमकलं. मग शेपटीचा वेढा सोडून सर्रकन शेंड्याला.

"बिनविषारी आहे, घरी जा," दवाखान्यात सांगितलं. अंगठ्यावर बारीक दातांची कमान तेवढी उठली. सूज होती म्हणून धुडकूनं कारखान्यात खाडा केला आणि दारात बसून राहिला.

साप काही गेला नाही. शेंड्यावरच बसला, तोंड दाराकडं. धुडकूनं दगड मारले, आईबहीण काढली. सरडा अगदी नाकासमोरून गेला तरी साप हलला नाही. डोळे मोठे, गोल. धुडकूवरच.

खानावळवाली शोभाबाई डबा घेऊन आली. धुडकूच्याच गावची, अमळनेरकडची. वर बघून तिनं डबा खाली ठेवला.

"भो, ही रुखई शे. चावनी का झाडवर बसस. सरनना धूर देखाशिवाय जास नही."

"म्हणजे माझी चिता पेटेपर्यंत बसणार ती?"

"तू काब्र मरशी? गवतना बाहुला कर. तुना घामट सदरा त्याले घाल, नि दे पेटाडी. धूर दिसना का ती जाई."

"डॉक्टरनं सुई बी दिली नाही, नि तू थेट सरणावर चढव!"

"हसू नको… ती आयकी राह्यनी."

धुडकूनं वर बघितलं. रुखईनं मान तिरकी केली होती.

तिसऱ्या दुपारी त्याचं टाळकं सटकलं. "बघ, बघ एकदाचं!" म्हणत आत शिरला. वाल्मिक झोपलेला, खोलीत अंधार. खाट एकच, दिवसा वाल्मिकची, रात्री धुडकूची. खुंटीही एकच. दोघांचे सदरे एकाच कटपीसमधून शिवलेले. हाताला आला तो घामट सदरा त्यानं ओढला, गवत कोंबलं, अंगणात पेटवला. गवत ओलं होतं. धूर जाड, कडू, सरळ झाडात गेला. शोभाबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

रुखईनं धूर बघितला. मग सावकाश मान वळवली. नजर धुडकूवरून काढून खोलीच्या खिडकीकडं.

आत वाल्मिक खोकला.

"धूर लागला त्याला," धुडकू म्हणाला.

संध्याकाळी पाळीला जायला वाल्मिक उठला. खुंटी चाचपली.

"धुडक्या, माझा सदरा कुठंय रे?"

"तो काय लटकलाय."

"हा तुझा, भो. बाहीला ऑइलचा डाग बघ. माझ्याला डाग नव्हता…"

धुडकूनं बाही ओढून बघितली, डाग होता. अंगठा चोळायला गेला, तर अंगठा सपाट. सूज नाही, दाताची खूण नाही.

वाल्मिक उंबऱ्यात बसून आपला हात उजेडाला धरून बघत होता.

"डास तरी किती माजलेत. झोपेत अंगठाच फोडला."

अंगठ्यावर बारीक दातांची कमान उठली होती.

"आज जाऊ नको, वाल्मिक…"

"तू खाडे करायचे नि मी बी करू? शेठ दोघांना हाकलंल." हसला. धुडकूचा सदरा अंगात घातला, डबा उचलला आणि निघाला.

धुडकू झाडाखाली धावला. शेंडा मोकळा होता. गेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याला गल्लीवरचा विजेच्या तारांचा गुंता दिसला. त्यातली एक तार हलत होती. वारा तर पडलेला. तार हलत हलत पुढं सरकत होती, वाल्मिक चालला होता त्याच बाजूला, त्याच्याच चालीनं.