नऊ नंबरचा आवाज

"मॅडम, तुमचं यंत्र पुन्हा नापास. त्र्याऐंशी टक्के."

फोन संचालकांचा होता. मॅडमचा सकाळचा चहा अजून कपातच होता.

"आणि स्पर्धेतल्या दुसऱ्या यंत्राचं?"

"एक्याण्णव. नव्वदला पास, तुम्हाला माहीतच आहे. तुमचं आधी अठ्ठ्याऐंशी होतं, मग शहाऐंशी, आता हे. यंत्र उतरणीला लागलंय. शुक्रवारी प्रकल्प बंद."

मॅडमनी फोन आपटला. यंत्र उतरणीला? दर महिन्याला ते सुधारत होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत!

सत्तावीस वर्षं त्या यंत्रांना ऐकायला शिकवत होत्या. त्यांचं पहिलं यंत्र फक्त दहा आकडे ओळखायचं, तेही मॅडमच्याच आवाजात आणि मॅडमना सर्दी नसली तर. लोक हसायचे. मग सगळ्यांनाच कृत्रिम बुद्धिमत्तेचं वेड लागलं, त्यांच्याकडे शिकलेली पोरं भराभर मोठ्या कंपन्यांत गेली, आणि मॅडम होत्या तिथेच राहिल्या.

हे शेवटचं यंत्र मेंदूला झटका येऊन वाचा बिघडलेल्या माणसांसाठी होतं. क्लिनिकमध्ये रुग्णाला चित्र दाखवायचे. त्याने नेमका शब्द उच्चारला तरच गुण. सहा महिन्यांत गुण वाढले नाहीत की उपचार बंद. मॅडमचं यंत्र रुग्ण जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, म्हणजे आडवळणाने सांगितलेलंही मोजता आलं असतं. यंत्र पास झालं तर नियम बदलायचं क्लिनिकने कबूल केलं होतं.

पण चाचणीची रेकॉर्डिंग सीलबंद. मॅडमना ऐकायची मनाई. आपलं लेकरू कुठे चुकतंय हेसुद्धा आईला कळू द्यायचं नाही, असला कारभार!

त्या तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

"मला चुकांची यादी हवी. यंत्राने काय लिहिलं, उत्तरपत्रिकेत काय आहे आणि रेकॉर्डिंग किती सेकंदांचं."

"नियमात बसत नाही."

"रेकॉर्डिंग नको म्हणतेय ना मी! मिळेपर्यंत इथेच बसते."

संचालकांनी पाऊण तासाने यादी दिली.

दहा रुग्ण, प्रत्येकाची चाळीस चित्रं. चुका अडुसष्ट. त्यातल्या अडतीस एकट्या नऊ नंबरच्या.

मॅडमनी आधी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. तो आता समोरच्या इमारतीत इंजिनीअर होता आणि त्याचंच यंत्र स्पर्धेत होतं.

"खरं सांग. माझ्या यंत्रात ढवळाढवळ केलीस?"

"मॅडम! सीलबंद खोलीत कोण शिरणार? संचालक साधं पेनसुद्धा कुणाला देत नाहीत."

"मग तुझं पास कसं होतं?"

"माझं समजूतदार आहे. चित्र छत्रीचं असलं की माणूस छत्रीच म्हणत असणार. तुटकं बोलणं ते सावरून घेतं."

"म्हणजे ऐकतच नाही. अंदाज बांधतं."

"पास होतंय ना?" तो हसला. मॅडमना त्याचा कान पिळावासा वाटला.

उरली अक्का. वाचा सुधारण्याचे उपचार करणारी, पंधरा वर्षांची मैत्रीण. रेकॉर्डिंग करणारा वेगळा होता. तो दुपारी चारनंतर, क्लिनिक रिकामं झालं की रुग्णांना बोलवायचा. अक्काकडे फक्त नंबर घातलेले आवाज यायचे. ते ऐकून उत्तरपत्रिका लिहायचं काम तिचं. त्याच उत्तरपत्रिकेवरून क्लिनिक रुग्णांचे गुणही ठरवायचं.

"नऊ नंबर कोण गं?"

"मला काय माहीत? मी नंबरच बघते." अक्का फाइल चाळत राहिली.

"यंत्राला तोच आवाज झेपत नाहीये."

"अगं, होणारच. ह्यांचा आवाज सकाळी अगदी बसलेला असतो. दुपारी जरा मोकळा होतो, तरी घरघर राहतेच."

मॅडम तडक निघाल्या. खोलीत येऊन यादी पुन्हा उघडली. पाण्याचं चित्र. उत्तरपत्रिकेत 'पाणी'. रेकॉर्डिंग साडेसहा सेकंदांचं.

मॅडमनी घड्याळ लावून स्वतः 'पाणी' म्हणून पाहिलं. अर्धा सेकंद. सावकाश म्हटलं, एक सेकंद. मग यंत्राने तिथे काय लिहिलंय ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालक, इंजिनीअर आणि अक्का, तिघांना बोलावून घेतलं.

"यंत्र चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "उत्तरपत्रिका चुकलीय. 'पाणी' म्हणायला साडेसहा सेकंद लागत नाहीत. माझ्या यंत्राने तिथे लिहिलंय, 'ते, घशाला, कोरड पडली की, लागतं ते'. वेळ त्याच्याशी जुळतो."

"मग माझं यंत्र?" इंजिनीअरने विचारलं.

"तुझं चित्र बघून 'पाणी' लिहितं. खोट्या उत्तरपत्रिकेशी ते छान जुळलं. माझे गुण दर वेळी घसरले, कारण खोटी उत्तरं दर वेळी वाढली. नऊ नंबर सुधारतोय असं क्लिनिकला भासवायचं होतं ना?"

"कोणी?" संचालक म्हणाले.

मॅडमचा आवाज चढला. "रेकॉर्डिंग होतं चारनंतर. मग नऊ नंबरचा सकाळचा आवाज कुणाला ठाऊक असेल? जिच्या घरात तो सकाळी उठतो तिला. अक्का, बाकी सगळे तुझ्यासाठी नंबर आहेत. एकट्या नऊ नंबरला तू 'ह्यांचा' म्हणालीस. बायको नवऱ्याला म्हणते तसं. त्यांना झटका आलाय हे मला ठाऊक होतं, पण ते या दहांत आहेत हे तू कधी सांगितलं नाहीस."

संचालकांनी सील तोडलं. खोलीत एक पुरुषी, घोगरा आवाज घुमला. ते... घशाला... कोरड पडली की... लागतं ते.

अक्काने तोंडावर पदर धरला नाही, ती रडलीही नाही. "उपचार थांबवणार होते त्यांचे," ती म्हणाली. "वाटलं, एवढ्या वेळेपुरतं. पण तुझं यंत्र नापास झालं, नियम तसाच राहिला. मग पुढच्या वेळी परत लिहावं लागलं. मग परत."

"आणि मला रोज विचारायचीस, कुठे अडलंय म्हणून! दीड वर्ष, अक्का! पहिल्या चाचणीत ते काय म्हणाले होते?"

"नुसतं 'ते, ते, ते'."

"आणि आता एवढं लांबलचक वाक्य बोलतात. ही सुधारणा नाही? नियम बदलला असता तर त्यांनाच पहिल्यांदा गुण मिळाले असते. तू माझं नाही, त्यांचं यंत्र पाडलंस."

संचालकांनी घसा खाकरला. "नवीन उत्तरपत्रिका आली तर निकाल बदलेल. पण समिती दोन महिन्यांनी बसते. तोवर प्रकल्प बंदच धरावा लागेल. आणि चौकशीही होईल."

"दोन महिने!" मॅडमनी यादी टेबलावर आपटली. कुणावर ओरडावं तेच त्यांना कळेना. इंजिनीअर मान खाली घालून निघून गेला.

शेवटी मॅडमनी कोरे कागद अक्कापुढे सरकवले. "बस. मी शेजारी बसून तपासते. त्यांचे चाळीसही पुन्हा लिही. तुला कळतं ते नाही, ऐकू येतं ते."

अक्काने हेडफोन चढवले. दुपार सरत गेली, कागद भरत गेले. सव्विसाव्या चित्राशी अक्काचा हात थांबला.

"इथे शब्दच नाहीये," ती म्हणाली. "नुसता हुंदका आहे. काय लिहू?"

"हुंदका लिही," मॅडम म्हणाल्या.