नऊनंतरचा दिवा

नगरपालिकेचा वायरमन वहिनीच्या दारात पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. खांद्यावर शिडी, खिशात नोटीस. नवा नियम साधा होता : नऊनंतर घराबाहेर एकही दिवा नको, आकाश काळं राहिलं पाहिजे, लोकांना चांदण्या दिसल्या पाहिजेत. सगळी वस्ती मिटली होती. चालू होते ते अध्यक्षांच्या बंगल्यावरचे झोत, तेही ‘सुरक्षेसाठी’, आणि खाणीच्या वाटेवरच्या या शेवटच्या घराचा पिवळा बल्ब.

“वहिनी, तिसरी तक्रार आलीय. आज काढावाच लागेल.”

पायरीवर बसलेली वहिनी उठली नाही. “काढा ना, भावोजी. वळणावरचा तुम्हीच काढलात, हाही काढा.”

त्याची मान खाली गेली. खाणीकाठच्या वळणावरचा दिवा त्यानंच उतरवला होता, उजेड आकाशात जाऊ नये असं वरून झाकण बसवून परत लावायचा म्हणून. झाकणं आलीच नाहीत. त्याच आठवड्यात दादा, त्याचा थोरला भाऊ, पाळी संपवून त्या वाटेनं घरी निघाला, आणि तिसऱ्या दिवशी खाणीच्या पाण्यात सापडला. चौकशीत वायरमननं लिहून दिलं, ‘त्या रात्री वळणावर दिवा होता.’ साहेबांनी सांगितलं होतं, आणि नोकरी टिकवायची होती.

“तो यावा म्हणून मी दिवा लावते, असं वाटतं ना तुम्हाला?” वहिनी हळूच म्हणाली. “येऊ नये म्हणून लावते. उजेडाच्या कडेपर्यंत येतो... तिथंच थांबतो.”

दुःखानं हिचं डोकं फिरलंय, असं मनाशी म्हणत तो शिडीवर चढला. वहिनी आत निघून गेली. त्यानं बल्ब फिरवला.

अंधार झाला तसा साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास आला. मग खाली ओल्या बुटांचा आवाज. चप्... चप्... अगदी शिडीपाशी येऊन थांबला. डुगडुगणारी शिडी एकदम स्थिर झाली.

“वहिनी... शिडी तुम्ही धरलीत?”

“मी आत आहे, भावोजी.”

शिडी पुन्हा डुगडुगू लागली. पावलं निघाली, वस्तीच्या दिशेनं.

दाराआडून वहिनीचा कोरडा आवाज आला, “माझ्याकडे यायचंच नव्हतं त्याला. माझं घर नुसतं वाटेत होतं.”

शिडी तिथंच टाकून तो धावत सुटला. त्याच्या स्वतःच्या घराचं दार सताड उघडं होतं, आत काळोख. पलंगावर आई असायची, तिला हल्ली उठवत नसे.

“आई, दिवा का नाही लावलास?”

“हळू बोल,” आई कुजबुजली. “थोरला आलाय. किती भिजलाय बघ.”

त्याचा हात बटणाकडे गेला.

“नको लावूस. उजेड सोसत नाही त्याला.” आईच्या आवाजात केवढं समाधान होतं! “तुझीच वाट बघतोय. म्हणतो, वळणावर दिवा होता का, एवढंच धाकट्यानं सांगावं. तो म्हणेल ते मी खरं मानेन...”

बटणावरचा हात त्यानं खाली घेतला.

अंधारात पलंग करकरला. कुणीतरी सरकून त्याला बसायला जागा करून दिली.